ब्लेंडरमध्ये आज्जीचं माजघर: चार महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी ॲनिमेशनवाली वगैरे नाही. बडोद्यात एका इंटिरियर कॉन्ट्रॅक्टरकडे ड्रॉइंग काढते, मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, असलंच सगळं. दांडिया बाजारजवळच्या पोळीतलं (पोळ म्हणजे जुन्या घरांची अरुंद गल्ली) आमचं जुनं घर विकायचं ठरलं आणि सगळे चुलतभाऊ मोबाईल काढून फोटो मारत सुटले, तेव्हा मला वाटलं फोटो तर सगळेच काढतायत, आपण माजघर थ्रीडीत बांधूया, झोपाळा, फडताळ, डबे, देवांचे फोटो, सगळ्यासकट. ऑफिसातलं सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याचं, लायसन साहेबांच्या नावावर, त्यावर घरचं काम करणं बरं दिसत नाही. म्हणून ब्लेंडर, फुकट मिळणारं थ्रीडी सॉफ्टवेअर. मी ४.२ वापरलं, ते एलटीएस आहे, म्हणजे दोन वर्षं त्याच्या बगदुरुस्त्या येत राहतात आणि अर्ध्या कामात बटणं इकडची तिकडे होत नाहीत. लांब प्रोजेक्टला एलटीएसच घ्या.

रेटिंग हवं असेल त्यांच्यासाठी, पाचातले सव्वाचार. पाऊण कुठे कापला ते येईलच पुढे.

काकांना फुकट म्हटलं की संशय येतो, "फुकट आहे म्हणजे व्हायरस असणार किंवा पुढे पैसे मागणार". त्यांना समजावलं ते इथेही लिहिते. ब्लेंडर हॉलंडमधल्या एका स्टुडिओत टोन रूझेंडाल यांनी १९९४ च्या सुमारास स्वतःच्या कामासाठी सुरू केलं, पुढे त्याची कंपनी काढली, ती २००२ मध्ये बुडाली, आणि मग लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी गोळा करून सोर्स कोड विकत घेऊन मोकळा केला. म्हणजे गणेशोत्सवाच्या वर्गणीसारखंच, पण मंडप कायमचा. काका म्हणाले मग ठीक आहे.

आता मॉडेलिंग. इथे मी फार पाल्हाळ लावणार नाही कारण ड्रॉइंग काढणाऱ्याला हे अवघड नाही. मापं थेट फुटात टाईप करता येतात, १४ आणि पुढे फुटाची खूण टाकली की तो स्वतः मीटर करून घेतो, हे मला फार आवडलं. माजघर १४ बाय ११, भिंती दीड फूट जाडीच्या, वर कडीपाट. टेप लावली तेव्हा कळलं की खोली काटकोनात नाहीचे, एक कर्ण दुसऱ्यापेक्षा चार इंच जास्त! पन्नास वर्षं त्या खोलीत सतरंज्या घातल्या, कुणाला कळलं नव्हतं. ऑफिसात असतं तर मी काटकोन करून मोकळी झाले असते, इथे जशी आहे तशी वाकडी ठेवली आणि खरं सांगते, त्या चार इंचांमुळेच खोली ओळखीची वाटते. भिंतींना जाडी द्या बरं का, नुसता पातळ कागद उभा करू नका, नाहीतर कोपऱ्यातून उजेड गळतो आणि कोनाडे कोरायला जागाच राहत नाही.

एक चूक सगळेच करतात तशी मीही केली. एक तुळई बनवली, ताणून लांब केली, कडांना बेव्हल दिला, म्हणजे धार मोडून थोडी गोलसर केली, आणि बेव्हल एका बाजूला फुगलेला, दुसरीकडे चपटा. दोन संध्याकाळी गेल्या. कारण काय तर ताणल्यावर स्केल अप्लाय केलं नव्हतं, कंट्रोल ए दाबून स्केल, संपलं. बेव्हल मात्र सोडू नका, घरात धारदार कड कशालाच नसते, पाटाला नाही, उंबऱ्याला तर नाहीच, आणि उजेड पकडते ती कडच.

तर महिनाभरात खोली उभी राहिली, सगळ्याला साधे रंग दिले, भिंत पांढरी, जमीन लाल, लाकूड तपकिरी, आणि मोठ्या ऐटीत आज्जीला दाखवलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं, कुणाचं घर आहे?"

म्हटलं अगं आपलं.

"आपल्या भिंती कधी इतक्या स्वच्छ होत्या?"

तिथून खरं काम सुरू झालं, टेक्स्चरिंगचं, म्हणजे वस्तूंवर खरा पोत चढवण्याचं, आणि पुढचे तीन महिने त्यातच गेले. पोलीहेवन नावाच्या वेबसाइटवर टेक्स्चर फुकट मिळतात, सीसीझिरो, म्हणजे नावसुद्धा द्यायची गरज नाही, क्वालिटी एक नंबर. लाकूड, कापड, गंजलेला पत्रा यासाठी मी तिथूनच घेतले. पण आमची भिंत तिथे कशी असणार, चुन्याचा गिलावा, त्यावर दर दिवाळीला एक हात, खाली पोपटी, मध्ये निळा, वर पांढरा, आणि जिथे पोपडा निघालाय तिथे नकाशासारखे तिन्ही थर दिसतात. ते फोटोच काढायला लागतात. फोटो सकाळी सातच्या आत काढा, ऊन यायच्या आधी, सपाट उजेडात, कारण फोटोत सावली आली की ती टेक्स्चरमध्ये कायमची चिकटते आणि मग थ्रीडीतला दिवा एकीकडून आणि सावली भलतीकडे. मी प्रत्येक फोटोत एक ए-फोर कागद चिकटवला, त्याचं माप ठरलेलं, २१० बाय २९७ मिलिमीटर, त्यामुळे स्केलही मिळतं आणि पांढरं किती पांढरं तेही. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, साइटवर टाइल्सचे फोटो पाठवताना लागलेली सवय.

एक वस्तू नीट दिसायला नुसता रंगाचा फोटो पुरत नाही, रफनेसचा नकाशा वेगळा लागतो, म्हणजे कुठे चकाकी आहे आणि कुठे मंद, आणि माझ्या मते इंटिरियर सीनचा सगळा जीव या एका करड्या चित्रात असतो. आमच्या लाल कोब्याचा रंग सगळीकडे साधारण सारखाच आहे. पण झोपाळ्याखाली, जिथे आज्जीने अंगठ्याने रेटा देऊन देऊन पन्नास वर्षं झोका घेतला, तिथे हातभर जागा आरशासारखी गुळगुळीत झालीय, आणि फडताळासमोर, जिथे कुणी बसत नाही, तिथे खरखरीत. रंग तोच ठेवून फक्त रफनेस बदलला आणि आज्जी बसते ती जागा दिसायला लागली. तसंच भिंतीवर, झोपाळ्यामागे, डोक्याच्या उंचीवर तेलाचा डाग. आजोबांचा. तेल लागलं की तिथली भिंत थोडी गडद होते आणि थोडी चकाकते, दोन्ही करावं लागतं, फक्त गडद केलं तर ओल आल्यासारखं दिसतं. हा डाग मी हाताने रंगवला आणि इथेच ब्लेंडरचे पहिले मार्क कापले, कारण टेक्स्चर पेंटला स्वतःचे लेयर नाहीत, एका चित्रावर रंगवत जा, चुकलं की अंडू. पैसे देऊन भाड्याने मिळणारी जी टेक्स्चरिंगची सॉफ्टवेअर आहेत त्यात हे लेयर फार सुंदर असतात, ते मान्य करायलाच हवं. मी शेवटी डाग, धूळ, ओरखडे अशी वेगवेगळी काळीपांढरी चित्रं करून नोडमध्ये (तारांनी जोडायच्या चौकटी असतात त्या) एकावर एक मिसळली. होतं, पण स्वयंपाकघरातून एकेक वाटी आणून जेवल्यासारखं.

दोन गोष्टी लिहून ठेवा, मला कुणी सांगितल्या असत्या तर आठवडा वाचला असता. रफनेस आणि नॉर्मलची (नॉर्मल म्हणजे खड्डे-उंचवटे भासवणारं चित्र) चित्रं लोड केली की कलर स्पेस नॉन-कलर करा, नाहीतर तो त्यांना रंग समजतो आणि सगळ्याची चकाकी बिघडते, कोबा ओला दिसतो आणि तुम्ही दिव्यांना दोष देत बसता. आणि नॉर्मल मॅप डाउनलोड करताना ओपनजीएलवाला घ्या, डायरेक्टएक्सवाला घेतलात तर खड्डे वर येतात आणि उंचवटे आत जातात, माझ्या विटा अशा उलट्या झाल्या होत्या आणि मला तीन दिवस फक्त "काहीतरी विचित्र आहे" एवढंच कळत होतं. नोड रँगलर नावाचं ॲडऑन आतच असतं, ते चालू करा, कंट्रोल शिफ्ट टी दाबलं की चारपाच चित्रं आपापल्या जागी लावून देतो.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते, झोपाळा. आमचा झोपाळा संखेड्याचा. बडोद्याच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, संखेडा हे छोटाउदेपूर जिल्ह्यातलं गाव, तिथले खरादी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारे लोक, सागवानावर लाखेचं काम करतात, लाल-मरून रंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. लग्नात द्यायची वस्तू. मी आधी काय केलं, वेलबुट्टीचा मास्क बनवला, म्हणजे नक्षी कुठे आहे ते सांगणारं काळंपांढरं चित्र, तिथे मेटॅलिक १ आणि रंग सोन्याचा. रेंडर, म्हणजे तयार होऊन आलेलं चित्र, बघितला तर हुबेहूब मॅरेज हॉलच्या स्टेजवरची खुर्ची. खोटं, प्लास्टिक, बघवेना.

मग कळलं की मी मुळात चुकत होते, कारण संखेड्याच्या सोन्यात सोनं नसतंच. तिथे कथिल कुटून डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवतात, त्याने नक्षी काढतात, ती चंदेरी असते, घासून चकचकीत करतात, आणि मग वरून लाखेचा पारदर्शक, पिवळसर थर चढतो आणि त्यातून बघितलं की कथिल सोनेरी दिसतं. म्हणजे सोनं हा रंग नसून दोन थरांमधला भास आहे. आणि ब्लेंडरच्या प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारी चौकट) ४.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, टिंट म्हणजे रंगछटा देता येतो. मग मी खरादी करतात त्याच क्रमाने गेले. खाली मरून रंग, नक्षीच्या मास्कमध्ये कथिलासारखा करडा धातू, आणि सगळ्यावर कोट १, टिंट मधासारखा. एंटर. खुर्चीवरून उठले मी अक्षरशः. तिरक्या कोनातून बघितलं तर सोनं आणखी गडद होत होतं, कारण तिरका प्रकाश लाखेतून जास्त अंतर कापतो आणि हा शेडर तेवढंही मोजतो. खऱ्या झोपाळ्याच्या दांड्यावर तेच होतं, लहानपणापासून बघत आलेय, कधी लक्ष गेलं नव्हतं. जिथे लाख उडालीय, हाताच्या टेकूवर, तिथे कोट कमी केला तर खालचं चंदेरी कथिल डोकावलं, आणि खऱ्या टेकूवर जाऊन बघितलं तर तिथेही चंदेरीच!

झोपाळ्याचे गोल गोल दांडे बनवायला स्क्रू मॉडिफायर आहे, अर्धी कड काढायची आणि तो गरागरा फिरवून पूर्ण दांडा करतो. खरादीच्या लेथवर काय वेगळं होतं.

दुसरी मजा स्टीलच्या डब्यांची. फडताळात ४६ डबे, मोजलेत. प्रत्येक वेगळा बनवला असता तर अजून तिथेच असते, तीन बनवले, एक पोचा आलेला, एक तळाला दबलेला, एक बरा, आणि बाकीचे ऑल्ट डीने लिंक्ड कॉपी केले, त्यामुळे मेमरी तीनच डब्यांची खाल्ली जाते, प्रत्येक थोडा फिरवला की कळत नाही. शिफ्ट डी नका वापरू, त्यात प्रत्येक डबा खरोखर वेगळा होतो. झाकणावर, ताटाच्या बुडाला दिसते तशी, मधून निघणारी पंख्यासारखी चमक असते ना, ती आणायला ॲनिसोट्रॉपिक वाढवायचं आणि टँजंट नोड रेडियल झेडवर ठेवायचा. ही एक गोष्ट नसेल तर स्टील हे स्टील न वाटता ॲल्युमिनियम वाटतं, कुठलीही बाई सांगेल.

उजेडाबद्दल. माजघराला एकच खिडकी, पोळीकडे. नवीन लोक बाहेर आकाशाचा एचडीआरआय, म्हणजे उजेड देणारा गोल फोटो, लावतात आणि म्हणतात झालं, पण आमच्या पोळीत आकाश दिसतंच कुठे, समोरच्यांची पिवळी भिंत आठ फुटांवर, दुपारी ऊन त्या भिंतीवर पडतं आणि तिथून उडून आमच्याकडे येतं. म्हणजे आमच्या माजघरातला उजेड हा समोरच्यांच्या रंगाचा. मी समोरची भिंत बांधली, साधी सपाट, पिवळी, आणि लगेच खोलीतली दुपार आली. आणि आत लाल कोब्यामुळे भिंतींचे खालचे दोन फूट गुलाबीसर होतात तेही सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं प्रकाश मोजून चित्र काढणारं इंजिन, आपोआप करतो. एका खिडकीच्या खोलीत रेंडरवर दाणे फार येतात, त्यासाठी खिडकीत एरिया लाइट ठेवून पोर्टल टिक करा, तो स्वतः उजेड देत नाही, फक्त बाहेरच्या आकाशाचे किरण कुठून शोधायचे ते सांगतो. उरलेले दाणे डीनॉइझर काढतो, पण त्याच्यावर सगळं सोडलंत तर तो भिंतीचे पोपडेही दाणे समजून पुसून टाकतो आणि आज्जी परत विचारणार कुणाचं घर.

मेमरीचं आता, कारण इथे माझा लॅपटॉप झोपला. हौसेने मी प्रत्येक वस्तूला ४के टेक्स्चर लावलं, डब्याच्या झाकणालासुद्धा. एक ४०९६ बाय ४०९६ चित्र उलगडल्यावर ६४ एमबी घेतं, वस्तूला तीन चित्रं म्हणजे १९२, अशा ३५ वस्तू, करा हिशोब, माझ्या ६ जीबीच्या कार्डात मावणार कसं. १४ फुटी भिंतीला ४०९६ म्हणजे साधारण मिलिमीटरला एक पिक्सेल, ते ठीक आहे. झाकणाला १०२४ म्हणजे ४ एमबी, बास झालं. कॅमेऱ्यापासून लांब ते सगळं बारीक करा. यात ब्लेंडरची काही चूक नाही, माझीच.

उरलेले मार्क कुठे गेले ते सांगते. कडा घासल्यासारख्या दाखवायला पॉइंटिनेस म्हणून एक सोय आहे, ती फक्त सायकल्समध्ये चालते, ईव्ही या दुसऱ्या, झटपट इंजिनमध्ये नाही, आणि मेश, म्हणजे वस्तूची जाळी, विरळ असेल तर सायकल्समध्येही धड दिसत नाही, म्हणजे साध्या चौकोनी फळीला उगाच शंभर तुकडे पाडा. यूव्ही उलगडताना, म्हणजे चित्र चिकटवायला वस्तूचं कातडं सपाट पसरताना, शिवण कुठे घालायची हे ठरवणं शर्टाचं कटिंग करण्यासारखं आहे, आपणच शिकायचं, आणि उलगडलेले तुकडे चौकोनात बसवताना बरीच जागा वाया जाते. शॉर्टकट तर विचारूच नका, पहिले पंधरा दिवस मी 'जी'ची कळ दाबून वस्तू हलवत होते आणि ऑफिसात गेल्यावर तिथेही 'जी'च दाबत होते.

शिकायचं कसं विचाराल तर, मी सुरुवातीला एक क्लास लावला होता, नाव लिहीत नाही. तिथे दीड महिन्यात एक सोफा झाला, बाकी सगळी खोली तयार मॉडेल आणून भरायची, इटालियन किचन आणि बर्फाळ डोंगर दिसणारी खिडकी. मी विचारलं सर, कडीपाट कसा करायचा, ते म्हणाले बेन, क्लायंट असलं मागत नाही. बरोबर आहे त्यांचंही. पण त्या फीमध्ये लॅपटॉपची रॅम दुप्पट झाली असती, आणि तुम्हाला माझा सल्ला तोच. ब्लेंडरचं मॅन्युअल फुकट आहे आणि लाकडाचं बघायचं तर रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा आहे, जुन्या भित्तिचित्रांसाठी लोक जातात, मी खांबांचे आणि छताचे जोड बघायला गेले, येताना सेव उसळ खाल्ली, दिवस सार्थकी.

ऑफिसच्या रोजच्या कामाला, जिथे उद्या सकाळी क्लायंटला तीन ऑप्शन द्यायचेत, मी अजूनही ब्लेंडर घेणार नाही, तिथे तयार लायब्ररी आणि साहेबांची सवय जास्त कामाची. पण एक खोली, जीव ओतून, वेळ काढून बनवायची असेल तर याच्यापुढे पैसे देऊन काही घ्यायची गरज मला वाटली नाही.

गेल्या रविवारी आज्जीला शेवटचा रेंडर दाखवला. या वेळी तिने विचारलं नाही कुणाचं घर. तेलाच्या डागाकडे बोट नेलं, स्क्रीनला लावलं नाही. मग कालनिर्णयचं पान मागच्या महिन्याचं आहे म्हणून मला बोलली, रवी वर्म्याची सरस्वती थोडी जास्त डावीकडे झालीय म्हणाली (खरंच झाली होती, दोन इंच), आणि मग म्हणाली, "झोपाळा हलत का नाहीये?"

आता आली का पंचाईत. एक फ्रेम अकरा मिनिटं. कडीपासून फळीपर्यंत साडेसात फूट, म्हणजे एक झोका जाऊन यायला साधारण ३ सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७२, गुणिले अकरा, सव्वातेरा तास. लावून झोपायला जाणार तेवढ्यात डोक्यात आलं की झोपाळा जातो तसाच परत येतो की! तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३७ फ्रेम काढायच्या आणि परतीला त्याच उलट्या लावायच्या, पावणेसात तास. आत्ता विसावी चालू आहे, लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतोय, आणि आई दोनदा येऊन सांगून गेलीय की ते बंद कर आणि झोप.